जाळी काय भाव?

आमच्या मेडशीचा माणूस नागपूरला हौसेनं जात नाही, तारखेला जातो. तारीख हायकोर्टाच्या खंडपीठातली असेल, मेडिकलमधली असेल, पोरीच्या सोयरिकीची असेल, नाहीतर हिवाळी अधिवेशनावर न्यायच्या मोर्चाची असेल. तारखेचं काम एक तर होत नाही किंवा दुपारच्या आत उरकतं, आणि परतीची सोय मात्र संध्याकाळची असते. मधले चार तास कुठं घालवायचे, या प्रश्नाचं उत्तर नागपूरनं 1894 सालीच तयार करून ठेवलं आहे. त्या साली महाराजबागेत प्राणिसंग्रहालय सुरू झालं. वन्यजीवांचं रक्षण, लोकांचं शिक्षण वगैरे हेतू कागदोपत्री असतीलच. पण वऱ्हाडातून तारखेला आलेल्या माणसाला सावली, पाणी आणि टेकायला जागा देण्याचं जे काम ही बाग करत आली आहे, त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

या खेपेची तारीख मोठेबाबांच्या डोळ्यांची होती. तुरीला फुलं धरायचे दिवस, वावर सोडून जायला ते तयारच नव्हते. पण बांधावरचा माणूस आणि बाभूळ यातला फरक त्यांना हल्ली हाक मारल्याशिवाय कळेनासा झाला होता. एका सोयऱ्याची गाडी नागपूरला चाललीच होती, तिच्यात मोठेबाबा, मोठीमाय, मी आणि आमची छकुली असे चौघं बसलो. मालेगावपासून समृद्धी महामार्ग धरला. हा रस्ता आमच्या वाशिम जिल्ह्यातून जातो आणि वाटेत काटेपूर्णा नि कारंजा-सोहोळ अशा दोन अभयारण्यांची हद्द लागते म्हणून त्याच्यावर जनावरांना ओलांडायला खास पूल आणि भुयारी वाटा बांधल्यात. छकुलीनं हे वाचून दाखवल्यावर मोठेबाबा बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या वावराच्या पाणंद रस्त्यात पावसाळाभर गुडघ्याएवढा चिखल असतो.

“म्हंजे बैलगाडीले या रोडवर बंदी,” त्यांनी हिशेब मांडला, “मोटारसायकलले बंदी, अन् रोह्याले येगळा पूल?”

“हाव,” छकुली म्हणाली.

“मंग त्याईनं पुलावरून जावं ना. माह्या धुऱ्यावरून कायले जातात?”

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आत डोकावून पाहिलं, पुढची तारीख दिली आणि सांगितलं, चार तास सगळं धुरकट दिसेल, घाबरू नका. मोठेबाबा घाबरले नाहीत. पुढचं धुरकट दिसण्याची सवय कास्तकाराला असतेच. सोयरा त्याच्या कामाला गेला होता, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. तेव्हा छकुलीनं महाराजबागेचा प्रस्ताव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. ज्या माणसाला चार तास काही दिसणार नाही त्याला नेमका त्याच चार तासांत वाघ दाखवायला न्यायचा, हे आमच्या घरच्या नियोजनाला धरूनच होतं. तिकिटाच्या खिडकीवर मोठेबाबांनी एकच शंका काढली. दिसणार अर्धंच, तर तिकीट अर्धं मिळेल का? खिडकीतल्या माणसानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पुढच्याला बोलावलं.

आता या बागेच्या मालकीविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण मोठेबाबा कुठल्याही जमिनीवर पाय ठेवताना आधी सातबारा विचारतात. महाराजबागेचा सातबारा तोंडी सांगायचा तर असा: मूळ मालक नागपूरकर भोसले, म्हणून तर महाराजबाग. 1854 साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं, पहिला फेरफार झाला. मग शेतकी खात्याची वहिवाट आली. 1906 साली लागूनच कृषी महाविद्यालय उभं राहिलं. 1969 साली अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ निघालं, आणि फेरफार होता होता बाग, झाडं, बाकं, मोर, माकडं, बिबटे आणि वाघ असं सगळं त्या विद्यापीठाच्या नावावर चढलं. मुंबईची राणीबाग महापालिकेची, संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान महापालिकेचं. कृषी विद्यापीठाच्या ताब्यातला वाघ मात्र विरळाच. त्याच्या मांसाचं बिल बी-बियाण्यांच्या फायलीशेजारी सहीला जात असणार. 2018 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं या बागेची मान्यता काढून घेतली, तेव्हा प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं. म्हणजे नागपुरात तारीख वाघालाही चुकलेली नाही.

हे ऐकून मोठेबाबा एकदम मोकळे झाले. “आपल्या विद्यापीठाचं हाय म्हना ना,” ते म्हणाले. अकोल्याला पंजाबरावांच्या जयंतीला, डिसेंबरच्या शेवटी, कृषी प्रदर्शन भरतं, तिथं ते न चुकता जातात. तिथल्या हक्कानंच ते आत शिरले. एका बाजूला मोठीमायचा हात आणि दुसऱ्या बाजूला छकुलीचा.

गावात आमच्या एक जण मुंबईची राणीबाग पाहून आलेला आहे, त्याचा उल्लेख इथं टाळता येत नाही. 2017 पासून तिथं पेंग्विन बघायला मिळतात आणि तेव्हापासून हा माणूस दुसरं काही सांगत नाही. पक्ष्यांना एसी आहे, हे तो पारावर अशा आवाजात सांगतो की एसी त्यानंच बसवून दिला असावा. हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फात राहणारे ते नव्हेतच. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या गोष्टीत आता अस्वलंही आली आहेत, आणि तीही पांढरी. त्यामुळे मेडशीतून जो कोणी कुठलाही प्राणी पाहून येतो, त्याला आल्याबरोबर विचारतात, “एसी होता का?” महाराजबागेत एसी नाही. मोठी जुनी झाडं आहेत, शेजारून नाग नदी जाते, आणि हिवाळ्याच्या दुपारी एवढ्यावर भागतं. मे महिन्यातल्या वाघाला कोणी काही विचारत नाही. तो विदर्भाचा रहिवासी आहे, त्याला सवय आहे असं धरून चालतात, जसं आम्हालाही धरतात.

वाघाच्या पिंजऱ्यापुढं गर्दी होती. वाघ झोपला होता. पैसे देऊन झोपलेला वाघ पाहायला मिळाला की माणसाला आपण फसलो असं वाटतं आणि तो त्याला उठवायच्या मागं लागतो. “उठ ना बे!” एक पोट्टा ओरडत होता. नागपुरात ‘बे’ म्हणण्यात जिव्हाळा असतो, पण ते वाघाला कोणी समजावलेलं नसावं. त्यानं एक कान हलवला. तेवढ्यावर सगळे मोबाइल वर झाले. मोठीमायनं मात्र हात जोडले. देवीचं वाहन झोपलेलं असो की जागं, हात जोडायचे. मग ती त्या पोट्ट्याकडं वळून म्हणाली, “दुपारची झोप कोनाची मोडू नये बाप्पा. माह्या घरी एक हाय, मी नाई मोडत.”

मोठेबाबांनी डोळे बारीक केले, मोठे केले, तळहाताची झापड केली.

“दिसते का?” मी विचारलं.

“दिसते ना. पिवळं पिवळं हाय काईतरी. सोयाबीनची सुडी हाय का?”

त्याच सुमाराला सुडीनं शेपूट आपटली. मोठेबाबा दोन पावलं मागं आले.

तसं पाहिलं तर वाघाचं आम्हाला फार अप्रूप असायला हवं. ताडोब्याला जिप्सीतून वाघ पाहायला लोक हजारो रुपये मोजतात. आणि 2019 साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून, विदर्भ-मराठवाड्याची वावरं तुडवत, तेराशे किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला होता. त्याची बातमी जगभर झाली. आमचा भाग असा वाघाच्या वाटेवर आहे, मुक्कामावर नाही. लांब पल्ल्याच्या बशी मेडशीला चहापुरत्या थांबतात, तसाच प्रकार. मुक्कामाला आमच्याकडं जो आहे तो वेगळाच. त्याची बातमी होत नाही, त्याच्या गळ्यात काही नाही, आणि त्याला तुरीच्या शेंगा आवडतात.

पुढच्या हरणांच्या वाड्याशी आलो तेव्हा मोठेबाबांचा हात चाचपडत जाळीला लागला, आणि तिथून पुढं त्यांना महाराजबाग दिसू लागली.

त्यांनी तार दोन बोटांत धरून चोळली. जाळीचा चौकोन वितीनं मोजला. खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. बुडाशी काँक्रीट भरलंय की नुसतंच गाडलंय, ते चपलेच्या टोकानं चाचपून पाहिलं. आत चितळ उभे होते, पाठीवर ठिपके, डोळे पाणीदार, छकुली हरखून गेली होती. मोठेबाबांनी शेजारून घमेलं घेऊन चाललेल्या कामगाराला थांबवलं.

“भाऊ, जाळी काय भाव हाय?”

“कोणती जाळी, काका?”

“हेच. फुटावर घेतली का किलोवर?”

“ते ऑफिसला असते काका. तुम्ही हरणं पाहा ना.”

“हरनाईचं राहू द्या. खालून डुक्कर उकरत नाई का?”

कामगार थबकला. “इथं डुक्कर कसं येईल?” असं तो म्हणाला खरा, पण नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा, कारण जाताना त्यानंही एकदा वाकून जाळीचं बूड पाहिलं.

हे शहरातल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल, म्हणून कुंपणाचा इतिहास सांगणं भाग आहे. मेडशीला वनखात्याचं परिक्षेत्र आहे, आणि आमच्या अंगालाच काटेपूर्णा अभयारण्य पसरलंय: 73.69 चौरस किलोमीटर, 1988 सालापासून, चौशिंगा नावाच्या लाजाळू हरणासाठी नावाजलेलं. चौशिंगा माहितीपत्रकात असतो, वावरात असतात रोही. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात तोच हा, आशियातला सर्वात मोठा कुरंग. एक कळप एका रात्रीत जेवढं खातो त्याच्या दुप्पट तुडवतो.

त्याच्यासाठी मोठेबाबांनी आधी बुजगावणं उभं केलं. त्याला स्वतःचा जुना सदरा घातला. महिनाभरात रोही त्याच्याशेजारी बसू लागले. मग रात्रीची जागल झाली, टिनाचे डबे झाले, दिवाळीतून उरवून ठेवलेले फटाके झाले. तारेला रिकाम्या बाटल्या टांगून झाल्या, त्या वाऱ्यानं वाजायच्या आणि झोप मोडायची ती मोठेबाबांचीच. मग बाजारातून भोंगा आणला. त्यात आपलाच आवाज भरून रात्रभर लावता येतो. मोठेबाबांनी त्यात ज्या शिव्या भरल्या त्या शेजारच्या वावरातल्या माणसाला वाटलं आपल्यालाच, आणि धुऱ्यावरून आधीच जरा वाद होता.

मग साड्या. विदर्भात रस्त्यानं जाताना वावराभोवती लाल, हिरव्या, किनारीच्या साड्या ताणून बांधलेल्या दिसल्या तर ते लग्न नसतं, तूर असते. रंगाला आणि फडफडीला जनावर बुजतं, असा समज आहे. पहिल्या वर्षी ते बुजलंही. मोठीमाय मात्र वावरात जायची बंद झाली, कारण त्या कुंपणाला प्रत्येक वाराला एकेक नातेवाईक बांधलेला होता. ही बहिणीच्या लग्नातली, ही पोरीच्या बारशातली, ही भावानं दिवाळीला घेतलेली. भावाची साडी एका रात्री नर रोह्याच्या शिंगात अडकली आणि तो ती घेऊन जंगलात गेला. “माह्या भावाची साडी नेसून गेला तो,” मोठीमाय अजून सांगते. रोही गेल्याचं तिला काही नाही. पण भाऊ भेटला की साडीबद्दल विचारतो.

शेवटी झटका मशीन. बॅटरीवर चालतं, टक-टक वाजतं, तारेला शिवलं की झटका बसतो. पहिला झटका मोठेबाबांना बसला, दुसरा त्यांना पाहायला आलेल्या पाहुण्याला. रोह्यांनी लांबूनच सगळं पाहिलं आणि जिथं तार ढिली होती तिथून उडी मारली. नुकसान झालं की अर्ज करता येतो, भरपाईही मिळते. फक्त पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक असे तिघं एका वेळी एका वावरात यावे लागतात. रोह्यांचं तसं नाही. ते दहा-बारा असले तरी एका वेळी येतात.

तर असा अनुभवी माणूस महाराजबागेच्या जाळीला हात लावत लावत चालला होता. बिबट्याशी तो थांबला नाही. मोराशी थांबला नाही. “मोर तं आपल्या गोठ्यावर बसते,” एवढंच म्हणाला. आणि मग एका वाड्यापुढं, आम्ही कोणी पाटी वाचायच्या आधी, दूर झाडाखाली उभ्या असलेल्या करड्या धब्ब्याकडं बोट करून मोठेबाबा म्हणाले,

“रोही.”

छकुली चकित झाली. “तुम्हाले वाघ नाई दिसला, मोठेबाबा, अन् हे दिसलं?”

“वाघ म्या कधी पाह्यला? याले तीस वर्षं पाहून रायलो. अन् कधी उजेडात पाह्यलंच नाई. असंच दिसते ते, धुरकट.”

खरंच, तोच होता. निळसर करडा नर, आखूड शिंगं, खांद्याकडून मागं उतरत गेलेली पाठ; त्याच्या पलीकडं तांबूस माद्या. निवांत रवंथ करत होते. मोठेबाबांनी टोपी काढली. आदर नव्हता त्यात, घाम पुसायचा होता. तोपर्यंत मघाचा कामगार घमेलं रिकामं करून परत आला होता. आता तोच मोठेबाबांजवळ थांबला.

“हे काय खातात?” मोठेबाबांनी विचारलं.

“हिरवा चारा. वरून ढेप.”

“टायमावर?”

“दोन्ही वखत.”

“तूर?”

“तूर नाही देत, काका.”

“अन् तरी राहून रायले?” मोठेबाबांचा विश्वास बसेना. मग एकदम काहीतरी लक्षात येऊन ते माझ्याकडं वळले. “हे विद्यापीठाचे हायेत ना?”

“हो.”

“अन् आपलं तुरीचं बियाणं?”

पीकेव्ही तारा. तेही विद्यापीठाचंच. अकोल्याच्या प्रदर्शनातून त्यांनी स्वतः आणलेलं.

त्यावर मोठेबाबांनी जी उपपत्ती मांडली ती शेतकी महाविद्यालयाच्या आवारालगत मांडली गेली, एवढं तरी इतिहासात नोंदलं जावं. विद्यापीठ बियाणं देतं, म्हणजे ते चांगलं आहे की नाही हे कोणीतरी तपासायला हवं. कृषी सहायक तर येत नाही. मग तपासतो कोण? रात्री येतो, शेंडे खाऊन पाहतो, शेंगा खाऊन पाहतो, सगळं वावर फिरून मग जातो. “याईची फिरतीची नोकरी हाय,” ते कामगाराला म्हणाले. “हे हेडऑफिसचे. आमच्याकडचे फिल्डवरचे.” कामगारानं मान डोलावली. सरकारी माणसाला ही विभागणी लगेच पटते.

छकुलीनं मोबाइलमधून आणखी एक गोष्ट काढली. अमेरिकेत टेक्सासमध्ये किंग रँच नावाचं अवाढव्य कुरण आहे. गेल्या शतकात तिथं प्राणिसंग्रहालयातून आणलेले रोही सोडले. त्यांना तिथली हवा मानवली, आता ते हजारोंनी झालेत, आणि त्यांची शिकार करायला लोक पैसे भरून जातात.

“कोन भरते पैसे?” मोठेबाबांनी विचारलं. “कास्तकार का शिकारी?”

“शिकारी.”

“शिकारी पैसे देते?”

“हाव.”

“अन् रोही फुकट नेले त्याईनं?” मोठेबाबा जाळीला टेकून विचारात पडले. वऱ्हाडातून इतकी वर्षं कापूस परदेशी गेला, संत्री गेली. आणि जे खरंच पाठवायला हवं होतं ते पाठवायचं कोणाला सुचलंच नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मोठीमाय म्हणाली, न्यायचे असतील तर साडीवाला आधी न्या.

तेवढ्यात फोन वाजला. गावाकडून शेजारच्या वावरातल्या माणसाचा, तोच तो, धुऱ्याच्या वादातला. पण रोह्यांच्या बाबतीत धुरा मानायचा नाही असा दोघांचा समझोता आहे. मोठेबाबांना आकडे दिसत नव्हते, म्हणून छकुलीनं फोन स्पीकरवर टाकला.

“मोठेबाबा, कुठी हा? रोही घुसले तुमच्या तुरीत. भर दुपारचे!”

“किती हायेत?”

“सात-आठ. लवकर या ना. कुठी हा तुमी?”

“रोह्यापाशीच उभा हाय.”

“कोन्या धुऱ्यावर? दिसत नाई तुमी मले.”

“मलेबी नाई दिसून रायलं बा. नागपुरात हाय. तिकीट काढून आलो.”

पलीकडं क्षणभर शांतता. मग डबा वाजवल्याचा आवाज येऊ लागला. मोठेबाबांनी फोन छकुलीच्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला, “तुह्या फोनचा आवाज मोठा कर अन् तुरीकडं धर,” असं सांगितलं, आणि तीस वर्षांच्या जागलीत कमावलेला सगळा आवाज एकवटून महाराजबागेच्या मधोमध ओरडले,

“हाऽऽत! हाऽऽत लेकाच्या! हुर्रऽऽ!”

झाडांवरचे बगळे उडाले. दोन लहान पोरं रडायला लागली. वाघाकडची गर्दी मान वळवून इकडं पाहू लागली, कारण वाघही उठून बसला होता. शिट्टी वाजवत एक गार्ड आमच्याकडं धावत येत होता. वाड्यातल्या रोह्यांनी एकच उसळी घेतली आणि पार पलीकडच्या कोपऱ्याला जाऊन ते जाळीला चिकटून उभे राहिले.

“इकडचे पळाले,” मोठेबाबांनी फोनमध्ये विचारलं. “तिकडचे?”

“तिकडचे खाऊनच रायले.”